कर्ता, साक्षी आणि तुलनागट

एखादा उपचार खरोखर गुणकारी आहे की नाही हे ठरवण्यासाठी माणसांवर जे संशोधन केले जाते, त्याची नैतिक चर्चा बहुधा दोनच पक्षांभोवती फिरते: रुग्णाचे हक्क कोणते आणि संशोधकाची कर्तव्ये कोणती. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला कर्मचारीवर्ग, म्हणजे आरोग्यकेंद्रात प्रश्नावली भरून घेणारा सहायक, रुग्णापुढे बसून बोलणारा समुपदेशक आणि काही महिन्यांनी रुग्णाच्या घरी जाऊन ‘आता किती पिता’ असे विचारणारा मूल्यमापक, तत्त्वचिंतकांच्या नजरेत सहसा येत नाही. वास्तविक कर्म करणाऱ्याचा आपल्या कर्माच्या फळाशी संबंध कोणता असावा, या ज्या प्रश्नावर भारतीय परंपरेने शतकानुशतके भाष्ये लिहिली, तो प्रश्न या माणसांच्या दैनंदिन कामात इतक्या रोखठोक स्वरूपात उभा राहतो की त्याची उपेक्षा हे एक नवलच म्हटले पाहिजे. मद्यपानाच्या उपचारांवरील संशोधनात तर तो अधिकच तीव्र होतो, कारण तेथे औषधाची गोळी नसते. जे काही दिले जाते ते एका माणसाचे दुसऱ्या माणसाशी झालेले बोलणे असते, आणि बोलणाऱ्याला आपल्या बोलण्यापासून वेगळे काढणे कठीण असते.

या विवेचनासाठी गोव्यात झालेली एक चाचणी आधाराला घेता येते. १९९६ साली स्थापन झालेल्या ‘संगत’ या संस्थेने तेथील दहा प्राथमिक आरोग्यकेंद्रांत ऑक्टोबर २०१३ ते जुलै २०१५ या काळात अपायकारक मद्यपान करणाऱ्या १८ ते ६५ वयोगटातील पुरुषांची नोंदणी केली, आणि अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी या चाचणीचे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. अपायकारक मद्यपान कशाला म्हणायचे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘ऑडिट’ या दहा प्रश्नांच्या मापनावरून ठरवले गेले. या मापनात शून्य ते ४० गुण पडू शकतात, आणि ज्यांना १२ ते १९ गुण पडले तेच या चाचणीत घेतले गेले. वीस किंवा अधिक गुण म्हणजे दारूवर शरीर-मनाने अवलंबून असण्याची शक्यता, आणि अशांना विशेष उपचारांची गरज असते, म्हणून त्यांना वगळण्यात आले. पुण्याच्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती संस्थांच्या कार्यामुळे मराठी वाचकाच्या मनात ‘व्यसनी’ म्हणून जे चित्र उभे राहते, त्याच्या अलीकडच्या पायरीवर उभा असलेला, म्हणजे नोकरी-धंदा करणारा, संसार असलेला, पण पिण्याने स्वतःची व घरच्यांची हानी करणारा माणूस हा या अभ्यासाचा विषय होता. त्याच्याशी बोलणारे समुपदेशक मानसोपचाराची कोणतीही पदवी नसलेले स्थानिक स्त्री-पुरुष होते. काही आठवड्यांचे वर्गातील शिक्षण आणि त्यानंतर काही महिन्यांची उमेदवारी एवढ्या शिदोरीवर त्यांनी प्रत्येकाबरोबर एक ते चार बैठकी घ्यायच्या, अशी ती योजना होती.

अशा चाचणीला यादृच्छिक चाचणी म्हणतात, याचा अर्थ असा की कोणाला समुपदेशन मिळेल आणि कोणाला केवळ आरोग्यकेंद्राचे नेहमीचे उपचार मिळतील, हे रुग्णाच्या इच्छेवर, गरजेवर किंवा कर्मचाऱ्याच्या पसंतीवर अवलंबून नसते. आधीच तयार केलेल्या क्रमानुसार अपारदर्शक पाकिटांत चिठ्ठ्या घालून ठेवलेल्या असतात आणि माणूस नोंदवला गेल्यावरच पाकीट उघडले जाते. गोवा आणि कोकणातील देवळांतून देवाला कौल लावण्याची जी प्रथा आहे, ती येथे आठवल्याशिवाय राहत नाही. मूर्तीवर लावलेली फुले किंवा कळ्या उजवीकडून पडतात की डावीकडून, यावरून लग्न, जमीनजुमला किंवा आजार यांविषयीचा निर्णय तेथे घेतला जातो. बाह्यतः दोन्ही कृती सारख्याच आहेत, कारण दोन्हींत माणूस आपला निर्णयाचा अधिकार बाजूला ठेवतो. परंतु त्यांच्यामागील ज्ञानविषयक भूमिका परस्परविरुद्ध आहेत. कौल लावणारा असे मानतो की उत्तर कोणाला तरी ठाऊक आहे, आणि ते त्याला त्या जाणकाराकडून मिळवायचे असते. पाकीट उघडणारा असे मानतो की उत्तर कोणालाच ठाऊक नाही, आणि ते शोधण्यासाठी आज निवड करण्याचे नाकारले पाहिजे. पहिल्यात श्रद्धेची शरणागती आहे, दुसऱ्यात अज्ञानाची कबुली, आणि ही दुसरी कबुली देणे तुलनेने अवघड आहे, कारण तिच्या पाठीशी कोणी देव उभा नसतो.

या कबुलीला बेंजामिन फ्रीडमन या तत्त्वज्ञाने १९८७ साली एक नेमके रूप दिले. दोन उपचारांपैकी कोणता सरस याविषयी जाणकारांच्या समुदायात प्रामाणिक अनिश्चितता असेल, तरच रुग्णांची अशी विभागणी नैतिक ठरते, असे त्याचे प्रतिपादन होते, आणि त्याने जाणीवपूर्वक असेही म्हटले की एकट्या डॉक्टरचे मन एका बाजूला झुकलेले असले तरी चालेल, कारण अनिश्चितता समुदायाची पाहायची असते. संस्थेच्या सदसद्विवेकाला हे उत्तर पुरते. समुपदेशकाच्या सदसद्विवेकाला ते पुरत नाही, असेच म्हणावे लागेल. ज्या माणसाने महिनोन्महिने एक कला आत्मसात केली, जो ती गावात वापरतो आणि जो समोरच्याच्या चेहऱ्यावर तिचा परिणाम होताना पाहतो, त्याच्या मनात समतोल अनिश्चितता राहील अशी अपेक्षा करणे हे मानवी स्वभावाला धरून नाही. उलट, आपल्या बोलण्यावर काहीच विश्वास नसलेला समुपदेशक वाईटच बोलेल. म्हणजे त्याने कृती करताना विश्वास ठेवावा आणि निष्कर्ष काढताना तो बाजूला ठेवावा, अशी दुहेरी मागणी त्याच्याकडे केली जाते. तुलनागटातील, म्हणजे केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्या गटातील लोकांना वाऱ्यावर सोडलेले नव्हते हे खरे. त्यांच्या डॉक्टरांना चाळणीचा निकाल कळवला गेला होता आणि जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वेही पुरवली गेली होती. तरीही एकाच बाकावर बसलेल्या दोघांपैकी एकाला बोलावणे आणि दुसऱ्याला न बोलावणे हे काम कोणातरी माणसाच्याच वाट्याला येते.

समुपदेशक काय बोलत असे, हेही तत्त्वदृष्ट्या महत्त्वाचे आहे. या पद्धतीचा गाभा ‘प्रेरणादायी संवाद’ या तंत्राचा आहे, ज्याची पहिली मांडणी विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८३ साली केली. त्या मांडणीचा उगम प्रस्तुत विषयाला साजेसाच आहे: नॉर्वेतील बर्गेनजवळच्या एका उपचारकेंद्रात तो काही काळ राहिला असताना तेथील कर्मचारी त्याच्याकडून संवादाची प्रात्यक्षिके करवून घेत आणि मध्येच थांबवून ‘हेच का विचारलेत, दुसरे का नाही’ असे विचारीत, आणि त्यांना उत्तरे देता देता त्याला स्वतःच्याच कामामागील नियम स्पष्ट होत गेले. त्या नियमांचे सार असे की पिणाऱ्याला उपदेश करू नये, त्याच्याशी वाद घालू नये, त्याच्यावर ‘दारुडा’ हा शिक्का मारू नये. बदलाची कारणे त्याच्याच तोंडून निघू द्यावीत आणि निर्णय त्याचाच असू द्यावा.

धर्मपरंपरांनी मद्यत्यागाकडे पाहण्याची जी रीत घडवली, तिच्याशी हे सहज जुळत नाही. वारकरी गळ्यात तुळशीची माळ घालतो तेव्हा मद्य-मांस सोडण्याचे बंधन तो विठ्ठलाच्या आणि संप्रदायाच्या साक्षीने स्वीकारतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना ज्या २२ प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा होती आणि ती लाखोंच्या समूहाने एकत्र उच्चारली. व्रताचे बळ अशा ठिकाणी व्यक्तीच्या बाहेरून येते. आरोग्यकेंद्रातील खोलीत मात्र ना देव असतो ना समूह; तेथे माणसाला त्याच्याच इच्छेपुढे उभे केले जाते. यांपैकी कोणता मार्ग अधिक खरा, हा वाद जुना आहे, आणि त्यावर अमेरिकेत ‘प्रोजेक्ट मॅच’ या १७२६ रुग्णांच्या अभ्यासाने १९९७ साली जो प्रकाश टाकला तो दोन्ही पक्षांना थोडा अस्वस्थ करणारा होता. त्यात एका गटाला आपल्याहून श्रेष्ठ शक्तीला शरण जाण्यावर आधारलेल्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’च्या बारा पायऱ्यांकडे नेणारा उपचार दिला गेला, दुसऱ्याला वर्तन बदलण्याची कौशल्ये शिकवली गेली आणि तिसऱ्याला स्वतःची प्रेरणा जागवणारा केवळ चार बैठकींचा उपचार मिळाला; तिन्ही गटांचे पिणे बरेच कमी झाले आणि त्यांच्यात मोठा फरक आढळला नाही. कोणत्या स्वभावाच्या माणसाला कोणता उपचार लागू पडेल, हे शोधण्यासाठी तो अभ्यास मांडला होता, आणि त्या जुळणीविषयीची बहुतेक गृहीतके फोल ठरली. शरणागती आणि पुरुषार्थ यांच्यातील निवाडा आकड्यांनी होईल अशी आशा कोणी बाळगली असेल, तर तिला यातून फारसे खाद्य मिळत नाही.

गोव्यातील निष्कर्षांकडे वळले म्हणजे मूळ प्रश्न पुन्हा समोर येतो. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातील १६४ जणांची पाहणी होऊ शकली, आणि त्यांपैकी ५९ जण, म्हणजे ३६ टक्के, ऑडिटच्या आठ गुणांखाली उतरले होते. हा आकडा एकटा ठेवला तर समुपदेशकाला असे म्हणण्याचा मोह होईल की आपल्या बोलण्याने तिघांतला एक माणूस सावरला. परंतु तुलनागटातील १७२ जणांपैकीही ४४ जण, म्हणजे २६ टक्के, त्याच पातळीवर आलेले होते, आणि त्यांच्याशी समुपदेशक एक शब्दही बोललेला नव्हता. ते का सावरले याची कारणे अनेक असू शकतात: डॉक्टरची ताकीद, बायकोचा निर्वाणीचा शब्द, रिकामा खिसा, पोटाचे दुखणे, किंवा कोणीतरी आपल्याला दहा प्रश्न गांभीर्याने विचारले एवढ्यानेच बसलेला धक्का.

भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीस जाण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे आश्रयस्थान, कर्ता, करण म्हणजे साधने, विविध चेष्टा म्हणजे हालचाली, आणि दैव, आणि असे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याला खरे दिसत नाही, असा त्यावर निर्णय दिला आहे. हा श्लोक बहुधा विनयाचा उपदेश म्हणून वाचला जातो. त्याचे याहून कठोर वाचन शक्य आहे, आणि तुलनागट हे त्या वाचनाचे साधन आहे. विनयी माणूस ‘हे सगळे माझ्यामुळे झाले नाही’ असे म्हणतो, पण त्यातले किती त्याच्यामुळे झाले हे त्याला सांगता येत नाही, आणि त्यामुळे त्याचा विनय हाही एक अंदाजच राहतो. तुलनागट इतर चार कारणांना जणू स्वतंत्रपणे काम करू देतो आणि कर्त्याच्या वाट्याला नेमके काय उरते ते दाखवतो. येथे ते शंभरात सुमारे दहा होते. बारा महिन्यांनंतरच्या पाहणीत हे अंतर वाढले, समुपदेशन घेतलेल्यांत सुमारे ५४ टक्के आणि तुलनागटात सुमारे ३२ टक्के, म्हणजे काळ लोटल्यावर कर्त्याचा वाटा कमी न होता वाढला. पण तेव्हाही तुलनागटातील जवळजवळ एक तृतीयांश लोक त्याच्याविनाच सावरले होते. कर्तृत्वाचा अभिमान गाळून टाकण्याची साधना संतांनी आयुष्यभराची मानली. येथे तो अभिमान गाळला जातो तो अभ्यासाच्या रचनेमुळे, कर्मचाऱ्याच्या साधनेची वाट न पाहता.

याच निष्कर्षांत एक वक्रताही आहे. उपदेश न करणाऱ्या आणि निर्णय पिणाऱ्यावर सोडणाऱ्या या पद्धतीचा स्पष्ट परिणाम दिसला तो दारू पूर्ण टाळण्यावर: मागील चौदा दिवसांत एक थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटात ४२ टक्के, तर तुलनागटात १८ टक्के होते. जे पीतच राहिले त्यांच्या रोजच्या पिण्याचे प्रमाण मात्र समुपदेशनाने घटलेले आढळले नाही. त्यागाचा आग्रह न धरताच त्याग घडला आणि मध्यममार्ग मोकळा ठेवूनही तो फारसा चालला गेला नाही. व्रतनिष्ठ परंपरांना यात आपल्या म्हणण्याला पुष्टी सापडेल, आणि स्वातंत्र्यवाद्यांनाही.

हे आकडे गोळा करणारा माणूस समुपदेशक नव्हता. मूल्यमापक वेगळा नेमला होता आणि समोरचा रुग्ण कोणत्या गटातला आहे हे त्याच्यापासून लपवून ठेवले होते. जाणूनबुजून ठेवलेल्या या अज्ञानाला संशोधनाच्या परिभाषेत अंधत्व म्हणतात. सांख्य दर्शनाने पुरुषाला केवळ साक्षी मानले, जो पाहतो पण करीत नाही, आणि कर्तृत्व सारे प्रकृतीकडे दिले. चाचणीतील श्रमविभागणी याच धर्तीची आहे: जो करतो त्याने मोजायचे नाही आणि जो मोजतो त्याने कोणी काय केले हे जाणायचे नाही. फरक एवढाच की सांख्यांचा साक्षी स्वभावतःच अलिप्त आहे, तर मूल्यमापक हा हाडामांसाचा माणूस आहे आणि त्याच्यापुढे येते ते दुःखच असते. पाली परंपरेतील विशुद्धिमार्गात आचार्य बुद्धघोषांनी मैत्री, करुणा, मुदिता व समचित्तता या चार ब्रह्मविहारांचे विवेचन करताना प्रत्येकाचा एक दूरचा व एक जवळचा शत्रू सांगितला आहे. जवळचा शत्रू म्हणजे वरवर त्या गुणासारखाच दिसणारा दोष, आणि समचित्ततेचा जवळचा शत्रू अज्ञानातून येणारी बेफिकिरी होय, तर करुणेचा जवळचा शत्रू शोक. संशोधनातील कर्मचाऱ्याची खरी परीक्षा या जोडीपाशी आहे, कारण मूल्यमापकाला समचित्ततेच्या नावाखाली निबर होणे सोपे असते आणि समुपदेशकाला करुणेच्या नावाखाली खचून जाणे. चाचणीत पत्नीवर होणाऱ्या हिंसेविषयीही विचारले गेले, आणि तीन महिन्यांनी त्या बाबतीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही. ज्या घरात नवऱ्याची दारू सुटली त्या घरात मारहाणही थांबेल, ही समजूत समाजात इतकी रुजलेली आहे की असा निष्कर्ष नोंदवणाऱ्याला तो नोंदवणे जड जावे. तो नोंदवला गेला, हे या कामाच्या बाजूने सांगण्याजोगे आहे.

यावर एक आक्षेप घेता येईल, आणि तो वजनदार आहे. या माणसांना पगार मिळतो, संशोधकांना कीर्ती मिळते, निधी लंडनच्या वेलकम ट्रस्टकडून आलेला असतो. मग याला निष्काम कर्म कसे म्हणावे? लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त कर्मयोगाचे जे विवरण केले आहे, त्यात फलाशेचा त्याग म्हणजे हेतूचा त्याग नव्हे, हा मुद्दा आग्रहाने मांडलेला आहे; लोकसंग्रह, म्हणजे समाजाचे धारण, हा हेतू समोर ठेवूनच कर्म करायचे आहे. परंतु एका ठिकाणी गीताभाष्यांची परंपरा अपुरी पडते हे मान्य केले पाहिजे. तिचे लक्ष कर्त्याच्या चित्तशुद्धीवर केंद्रित झाले. शुद्ध चित्ताने केलेल्या कर्माने समोरच्याचे खरोखर भले झाले की नाही, हे तपासण्याची पद्धत तिने घडवली नाही. दारूपायी उद्ध्वस्त होणाऱ्या घरासाठी समुपदेशकाचे चित्त शुद्ध असणे पुरेसे नाही. फळावरचा हक्क सोडणे आणि फळ मोजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी केल्यावाचून पहिली ही लोकसंग्रहाच्या दृष्टीने अर्धवटच राहते.

कर्त्याचे आपल्या कृतीशी असलेले नातेही या अभ्यासाने वेगळ्या रीतीने हाताळले. समुपदेशनाच्या बैठकी ध्वनिमुद्रित केल्या जात आणि समुपदेशकांचा छोटा गट एकत्र बसून त्या ऐके, ठरलेल्या निकषांवर एकमेकांना गुण देई, आणि ते गुण तज्ज्ञांच्या गुणांशी ताडून पाहिले जात. स्वतःचा आवाज सहकाऱ्यांसमोर ऐकणे, आपण कुठे रुग्णाला तोडले, कुठे नकळत उपदेशावर घसरलो हे त्यांच्या तोंडून ऐकून घेणे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काम करणे, यात अहंकाराच्या क्षयाची जी सामग्री आहे ती एखाद्या मठातील दिनचर्येहून कमी नाही. आणि तिच्यासाठी कोणी संसार सोडलेला नसतो.

शेवटी ऋणाचा विचार उरतो. वैदिक परंपरेने माणूस देव, ऋषी आणि पितर यांचा ऋणी म्हणून जन्मतो असे मानले, आणि ज्ञानाचे ऋण ते ऋषिऋण. या चाचणीतून मिळालेल्या ज्ञानासाठी आपण ज्यांचे ऋणी आहोत, त्यांत समुपदेशक आहेत, मूल्यमापक आहेत, आणि त्या सर्वांच्या आधी तुलनागटातील ते १८९ पुरुष आहेत, ज्यांनी संमती देऊन चिठ्ठी स्वीकारली आणि ज्यांच्यामुळेच समुपदेशकाचा वाटा मोजता आला. हेलसिंकी जाहीरनाम्याने संशोधनात गुणकारी ठरलेला उपचार नंतर सहभागींना मिळण्याची तरतूद आधीच केली जावी, असे म्हटले आहे; पण सहभागींपुरती तरतूद झाल्याने एवढे मोठे ऋण फिटत नाही. पदवी नसलेला पण नीट शिकवलेला स्थानिक माणूस चार बैठकींत काय करू शकतो, हे आता ठाऊक झालेले आहे, आणि अनिश्चितता संपल्यावर चिठ्ठीचा नैतिक आधारही संपतो. म्हणून गोव्याच्या आणि महाराष्ट्राच्या प्राथमिक आरोग्यकेंद्रांत अशा समुपदेशकाची जागा प्रकल्पाच्या निधीवर न ठेवता कायम आस्थापनेवर निर्माण करणे, हे त्या दोन शासनांनी फेडायचे देणे आहे, आणि ते त्यांनी फेडावे.